‘लेडीज कलेक्शन’ शाईपेन : निब तीच, सोय कमी, पैसे जास्त

आधी निकाल सांगून टाकते, बाकीचं ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा. पेन लिहायला बरंय. पण त्याच कंपनीचं, त्याच निबचं साधं पेन त्याच दुकानात अडीचशे रुपयांनी स्वस्त मिळतंय, त्यात बाटलीतली शाई भरता येते आणि ते हातातही जास्त चांगलं बसतं, फक्त त्याच्या डब्यावर फुलपाखरू नाही. म्हणून पाचपैकी पेनला अडीच, दुकानाला चार आणि तो डबा ज्याने कोणी डिझाइन केलाय त्याला शून्य.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एकट्या त्यांचंच नाही, दुकानातल्या काचेच्या कपाटात बघितलं तर असे डबे बऱ्याच जणांचे आहेत, कुणाचा राणी कलर, कुणाचा लॅव्हेंडर, एवढाच फरक. दुकान आपल्या साताऱ्यातच आहे, राजवाडा ते पोवई नाका ह्या पट्ट्यात कुठंतरी, जुनं आहे, आणि दुकानदार काकांना पेनातलं खरंच कळतं. ते पुढं सांगते.

मी कोर्टात वकिली करते. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवर गेलंय तरी उलटतपासणीच्या नोंदी, पुरसीस म्हणजे कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन, तारखांची डायरी, अशिलाशी बोलताना काढलेली टिपणं, हे सगळं हातानंच होतं माझं, आणि बॉलपेनाने दाबून दाबून लिहिलं की संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणून मी शाईपेन वापरते. शौक वगैरे नाही, कामाचं हत्यार आहे ते. वाटणीचा एक जुना दावा तडजोडीत मिटला तेव्हा पक्षकाराच्या घरच्यांनी कंदी पेढ्यांच्या बॉक्सबरोबर हे पेन दिलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांनी दुकानात सांगितलं असणार की वकीलबाईंना द्यायचंय, आणि ‘बाई’ ऐकल्यावर दुकानातला पोरगा थेट त्या कपाटाकडे गेला असणार.

डबा जाडजूड, राणी कलरचा, झाकणावर सोनेरी फुलपाखरू, आत सॅटिनची गादी, आणि गादीवर एक कार्ड, त्यावर ‘तिच्यासाठी, जी खास आहे’. पेन मोतिया रंगाचं, बारीक, टोपणाला गुलाबीसर सोनेरी पट्टी आणि क्लिपवर पाच काचेचे खडे. खडे दिसायला छान आहेत, खोटं कशाला बोलू. पण ते बसवलेत उठावदार, आणि काळ्या कोटाच्या खिशात पेन अडकवलं की काढताना गळ्यातल्या पांढऱ्या बँडचा धागा त्यात अडकतो. एकदा साक्षीदार पिंजऱ्यात उभा, साहेब माझ्याकडे बघतायत आणि मी आपली मान वाकडी करून बँड सोडवतेय. त्यातला मधला खडा आता पडलाय, त्या खाचेत डिंकाचा पिवळा ठिपका दिसतो, आणि खरं सांगायचं तर खडा पडल्यापासून पेन वापरायला सोपं झालंय.

लिहिण्याबद्दल तक्रार नाही. स्टीलची मीडियम निब आहे, पहिल्या ओळीपासून शाई उतरली, खरखर नाही. हिरव्या लेजर पेपरवर अक्षर स्वच्छ येतं, झेरॉक्सच्या पातळ कागदावर थोडं फुटतं पण ते कागदाचं पाप आहे. टोपण मात्र नुसतं दाबून बसणारं आहे आणि नीट हवाबंद नाही, दोन दिवस सुट्टी आली की तिसऱ्या दिवशी निब कोरडी. अशा वेळी पेन झटकायचं नाही हं, ओल्या टिश्यूला निब टेकवून धरायची, समोरच्याच्या शर्टाचा विचार करून तरी.

खरी मजा कार्ट्रिज, म्हणजे आत बसवायची शाई भरलेली तयार कुपी, संपल्यावर झाली. मी बाटलीतली शाई वापरणारी, म्हणलं ह्याला कन्व्हर्टर घेऊ, म्हणजे तो छोटा पिस्टनवाला पंप असतो, निब शाईत बुडवायची आणि मागचं फिरवून शाई ओढायची. दुकानात गेले. काकांनी पेन हातात घेतलं, मागची नळी आट्यावरून सोडवली, आत बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं.

“ह्यात नाही बसत मॅडम. लेडीज आहे ना.”

म्हणलं काका, लेडीज आहे म्हणजे काय? बायकांनी बाटलीतनं शाई भरायची नाही असा कायदा झालाय का, मला कोर्टात कुणी सांगितलं नाही.

काका हसले, म्हणले, “तसं नव्हं ओ, नळी आखूड केलीय त्यांनी. छोटं कार्ट्रिज तेवढं बसतंय.” मग स्वतःहून त्याच कंपनीचं साधं मॉडेल काढलं, काळं, मॅट, पुठ्ठ्याच्या साध्या खोक्यातलं, आणि काउंटरवर पेपर पसरून दोन्ही पेनं शेजारी शेजारी उघडून दाखवली. हे प्रत्येकानं एकदा बघावं असं आहे. निब दोन्हीची एकच, तोच नंबर, तीच नक्षी, तीच मीडियम. निबखालची काळी जीभ, जिच्यातल्या बारीक खाचांतनं शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते, तीही एकच. निब आणि जीभ म्हणजेच पेनाचा जीव, लिहिणारा भाग सगळा तोच. काकांनी तर एकाची निब ओढून दुसऱ्यात बसवून दाखवली, अगदी फिट. फरक फक्त मागं. साध्याची नळी लांब, त्यात कन्व्हर्टर बसतो, लांब कार्ट्रिज बसतं. लेडीजची नळी बोटाच्या एका पेरानं आखूड आणि आतनं निमुळती, एक छोटं कार्ट्रिज आणि संपलं. छोट्या कार्ट्रिजमध्ये शाई असते जेमतेम पाऊण मिलीच्या आसपास, लांबमध्ये जवळजवळ दुप्पट. कन्व्हर्टरमध्ये तशी छोट्याइतकीच मावते, पण ती बाटलीतनं भरता येते हा सगळा खेळ आहे, कारण साठ मिलीची एक बाटली म्हणजे अशी ऐंशीएक छोटी कार्ट्रिजं झाली. हिशेब तुम्हीच करा.

आणि किंमत? लेडीज १२४५, साधं ९९५. कन्व्हर्टर साध्याच्या खोक्यात फुकट. म्हणजे नळी कापली, पंप काढून घेतला, पाच खडे आणि फुलपाखरू दिलं आणि वर अडीचशे रुपये घेतले. अशा वाटणीला कुठल्याही कोर्टात मी हरकत घेतली असती.

आता कुणी म्हणेल की बायकांसाठी वेगळं पेन ही आजची थेरं आहेत. अजिबात नाही, हे शंभर वर्षांपासून चाललंय, आणि गंमत म्हणजे जुन्या लोकांनी ते आत्तापेक्षा जास्त डोकं लावून केलं होतं. पार्करचं ड्युओफोल्ड नावाचं प्रसिद्ध पेन १९२१ साली अमेरिकेत आलं, जाड, लांब, आणि रंग कुठला तर भडक नारिंगी लाल, दोन्ही टोकांना काळं. तोपर्यंत पेन म्हणजे बहुतेक काळंच असायचं. हे लालभडक पेन पुरुषांनी सात डॉलर देऊन घेतलं आणि खिशाला लावून मिरवलं, तेव्हा लाल रंग बायकी आहे असं कुणाला वाटलं नाही. त्याचंच छोटं भावंड लेडी ड्युओफोल्ड, ते पाच डॉलरला. छोटं पेन, कमी शाई, कमी पैसे, सरळ व्यवहार. आणि त्या लेडी पेनाच्या टोपणावर क्लिपच्या जागी एक कडी असायची, त्यात रिबन किंवा साखळी घालून पेन गळ्यात अडकवायचं. का, तर बायकांच्या कपड्यांना खिसाच नव्हता!

हा खिसा इथं फार महत्त्वाचा आहे. शाईपेन उभं राहिलं पाहिजे, निब वर. आडवं पडलं, गरम झालं आणि आत शाई अर्धी असली की आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. पुरुषाच्या शर्टाला डाव्या बाजूला खिसा आयता, त्यात पेन दिवसभर उभं. आपल्याकडे तर खिशाला पेन लावलेला माणूस म्हणजे शिकलेला माणूस अशी पद्धतच होती, मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, पतसंस्थेचे संचालक, सगळ्यांच्या खिशाला पेन. साडीला खिसा नाही, ड्रेसला असला तर नशीब, त्यामुळे बाईचं पेन जातं पर्समध्ये, आडवं, किल्ल्या आणि पाण्याच्या बाटलीच्या मधी, आणि मग पर्सच्या अस्तरावर निळा नकाशा. मला कोट आहे म्हणून मी वाचते. कोट काढून एसटीत बसले की मीही त्यातलीच.

म्हणजे बायकांसाठी खास पेन करायचंच असेल तर काम समोर दिसतंय. टोपण आट्यांचं, आत हवाबंद बूच, पर्समध्ये कसंही पडलं तरी गळायला नको, क्लिप मजबूत म्हणजे पर्सच्या आतल्या कप्प्याला किंवा डायरीला अडकवता येईल. हे अवघड तंत्रज्ञान नाही, शंभर वर्षांपूर्वी ‘सेफ्टी’ पेनं होती ज्यांची निब फिरवून आत घ्यायची आणि वरून टोपण लावलं की पेन उलटं केलं तरी गळायचं नाही. असलं काही ह्या डब्यात आहे का? टोपण दाबून बसणारं, तेही सैल. जी एकच गोष्ट बायकांच्या वापरात खरोखर वेगळी आहे तीच ह्यांनी विचारात घेतली नाही, आणि जी वेगळी नाही ती, म्हणजे निब, तीही बदलली नाही. बदललं काय तर रंग आणि आकडा.

इतिहासातलं अजून एक सांगते, कारण हे मला सगळ्यात भारी वाटतं. शेफर कंपनीने १९५८ ला लेडी शेफर काढलं, कापडाच्या विणीसारख्या नक्ष्यांचं, फॅशनचा दागिना म्हणून विकलेलं, आणि शाई भरायला कार्ट्रिज. पुढच्याच वर्षी, १९५९ ला, त्यांनीच पीएफएम काढलं. पीएफएम म्हणजे काय, तर ‘पेन फॉर मेन’, चक्क पुरुषांसाठीचं पेन असं नावच ठेवलं. जाड, वजनदार, आणि शाई भरायला स्नॉर्केल पद्धत, म्हणजे मागचं फिरवलं की निबच्या खालून एक बारीक नळी बाहेर येते, ती शाईत बुडवायची, निब बुडवायचीच नाही, पुसायला नको, बोटं घाण होत नाहीत. आता सांगा, बोटाला डाग न लागणारी नाजूक, महागडी यंत्रणा कुणाला दिली? पुरुषांना! बायकांना काय, तर नक्षी. ते पीएफएम दहाएक वर्षांत बंदही झालं, आता जुनी पेनं जमवणारे लोक चांगले पैसे मोजून घेतात आणि घेणाऱ्यांमध्ये बायकाही असतात, पेन काही तपासून बघत नाही हात कुणाचा ते.

बारीकपणाबद्दल दुकानातच एका गिऱ्हाईकानं मला शिकवलं की मॅडम लेडीजचा हात नाजूक असतो म्हणून बारीक पेन देतात. बरोबरच आहे, पोळ्या लाटताना लाटणंही बारीक काडीएवढं देतात ना आम्हाला! अहो हात सरासरीनं लहान असतो हे मान्य, पण पेन बारीक असलं की धरायला सोपं जातं हे कुणी सांगितलं. उलट आहे. बारीक वस्तू धरायला बोटं जास्त आवळावी लागतात, चिमूट घट्ट होते, आणि पानभर लिहिलं की अंगठा बोलायला लागतो. माझ्या आत्याला संधिवात आहे, तिला थेरपीवाल्या बाईंनी चमच्याला, पेनाला फोम गुंडाळून मूठ जाड करायला लावलं, जाड मुठीला जोर कमी लागतो म्हणून. माझ्यापुरतं सांगायचं तर साध्या पेनाने मी अख्खी उलटतपासणी लिहून काढते, लेडीज पेनाने तेवढंच लिहिलं की मधे बोटं मोडावी लागतात. ज्यांना बारीक पेन आवडतं त्यांनी जरूर घ्यावं, आमच्या बाररूममध्ये सहा फुटी एक वकीलसाहेब आहेत, त्यांना बारीकच लागतं, जाड पेन धरलं की त्यांचं अक्षर बिघडतं. ते बिचारे चोरून लेडीज पेन वापरतात का, नाही, त्यांना बारीकमध्ये काळं मिळतं.

गुलाबी रंगाशी माझं भांडण नाही हेही इथंच लिहिते, नाहीतर लगेच कुणीतरी म्हणणार की ह्या बाईला गुलाबी आवडत नाही. आवडतो! राणी कलरची पैठणी आहे माझ्याकडे. साधं मॉडेल त्यांनी गुलाबीत काढलं असतं तर मी तेच घेतलं असतं. जर्मनीचं लामी सफारी बघा, १९८० पासून आहे, मुळात शाळेतल्या पोरांसाठी केलेलं, धरायच्या जागी बोटांना तिरक्या सपाट जागा आहेत, आणि ते दरवर्षी नवनवीन रंगात येतं, त्यात गुलाबीही असतो. पण गुलाबी घेतलं म्हणून नळी आखूड होत नाही आणि कन्व्हर्टर बसायचा थांबत नाही.

आणि आखूड पेनाशीही भांडण नाही. कावेको नावाच्या जर्मन कंपनीचं स्पोर्ट मॉडेल शंभरावर वर्षं जुनं आहे, मुठीत मावतं एवढंसं. सुरुवातीला ते विकलं ते बायका, लष्करी अधिकारी आणि खेळाडू अशा तिघांसाठी! म्हणजे ज्याला खिशात किंवा पर्समध्ये छोटं पेन हवं त्याच्यासाठी. टोपण मागं लावलं की पूर्ण लांबीचं होतं, टोपण आट्यांचं. आखूडपणाला कारण आहे तिथं. आमच्या फुलपाखराचं टोपण मागं लावलं तर दोन ओळीत निसटून टेबलाखाली जातं.

बॉलपेनवाल्यांनी तर २०१२ च्या सुमारास हसं करून घेतलं होतं. बिक कंपनीचं ते षटकोनी पारदर्शक पेन, १९५० पासून जगभर म्हातारीकोतारी, पोरंटोरं, सगळे वापरतायत, त्याचं त्यांनी फिकट गुलाबी-जांभळ्या रंगात ‘फॉर हर’ काढलं, बाईच्या हाताला बसेल असं म्हणून. मग ॲमेझॉनवर बायकांनी जी परीक्षणं लिहिलीत, की अखेर माझ्या नवऱ्याचं पेन न मागता मला लिहिता येतंय, अशा धर्तीची, ती शोधून वाचा, रविवारची करमणूक आहे. बायकांच्या वस्तू महाग असतात ही नुसती कुरकुर नाही, न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५ ला जवळपास ८०० वस्तू तपासल्या, खेळणी, कपडे, शांपू, रेझर असल्या, तर बायकांसाठी म्हणून विकलेली वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाली. आमच्या पेनाचा फरक काढला तर २५ टक्के येतो, म्हणजे साताऱ्यानं न्यूयॉर्कला मागं टाकलं.

पुरुषांनी इथं फार खूश होऊ नये. त्याच कपाटात खालच्या रांगेत ‘एक्झिक्युटिव्ह’ डबे आहेत, काळे, त्यात पेन, पाकीट आणि पट्टा. माझ्या भावाला कंपनीत वीस वर्षं झाली म्हणून मिळालाय त्यातला एक. पेन पितळेचं, एवढं जड की टोपण मागं लावलं की निब आपोआप आभाळाकडे जाते. त्यानं त्या पेनानं सही केली ती एकदा, फोटोसाठी. पुरुष म्हणजे बॉस, बॉस म्हणजे जड, असं काहीतरी गणित आहे त्यांचं. बिचारा लिहितो अजून जेलपेनानेच.

आम्ही शाळेत होतो तेव्हा असलं काही नव्हतं ओ. हिरो कंपनीचं पेन, सोनेरी टोपणाचं, निब जवळजवळ सगळी झाकलेली, पार्करच्या १९४१ च्या ५१ मॉडेलवरून उचललेलं, ते वर्गातल्या पोरींकडे आणि पोरांकडे एकच. ज्याची ऐपत नाही त्याच्याकडे कॅमलिनचं. शाई सगळ्यांची कॅमलची, म्हणजे त्याच दांडेकरांच्या कंपनीची, जिने १९३१ मध्ये घोडा छापाच्या शाईपासून सुरुवात केली. बाकावर सांडायची ती एकसारखी, बाहीला लागायची ती एकसारखी आणि मार मिळायचा तोही एकसारखाच. दुकानदार विचारायचा एवढंच, की निळी का काळी.

आता दुकानाबद्दल, कारण एक गुण कापलाय तो का ते सांगायला पाहिजे. ३ जानेवारीला आणि ८ मार्चला दुकानाच्या दारात बोर्ड लागतो, बालिका दिन स्पेशल, महिला दिन स्पेशल, लेडीज पेनांवर सूट, आणि सूट देऊनही लेडीज पेन साध्यापेक्षा महागच राहतं. सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, त्यांच्या जन्मदिवशी पोरींना आखूड नळीचं पेन! हे मी काकांना तोंडावर बोलले. ते म्हणले मॅडम बोर्ड कंपनीकडनं येतो, लोक गिफ्टला डबाच बघतात, पेन कोण उघडून बघतंय. त्यांचंही खरंय. गिफ्ट घेणारा लिहिणारा नसतो, त्यामुळे डबा विकत घेतला जातो आणि पेन त्याच्याबरोबर येतं.

पण लिहिणारं माणूस समोर आलं की काका वेगळेच. माझ्या ज्युनिअरला वकिलीची सनद मिळाली म्हणून तिला पेन घ्यायला आम्ही दोघी गेलो. पोरगी डावखुरी. दुकानातला नवीन पोरगा लगेच, “ताई, लेडीजमध्ये दाखवू?” काकांनी त्याला बाजूला केलं, तिच्या हातात कागद-पेन दिलं, म्हणले तुमचं नाव, गाव, पत्ता लिहा बघू. ती लिहीत होती तेव्हा ते अक्षराकडे बघतच नव्हते, तिच्या हाताकडे बघत होते. डावखुऱ्याची निब ओढली जात नाही, ढकलली जाते, आणि ओल्या ओळीवरून करंगळीखालचा तळवा फिरतो, सगळं फरफटतं. काकांनी फाइन निब काढली, तीही घासून गुळगुळीत बघून, लवकर वाळणारी शाई दिली, आणि कागद जरा तिरका धरून लिहायला लावलं. मग विचारलं, पेन उभं ठेवता का पर्समध्ये, दाबून लिहिता का, कागद कुठला वापरता. हेच ते प्रश्न! ह्या एवढ्या सगळ्यात ती मुलगी आहे की मुलगा हे कुठं आलंच नाही. तिने शेवटी निळं घेतलं, साधं मॉडेल. कोर्टाच्या कागदांना काळी पर्मनंट शाई वापर असंही काकांनीच सांगितलं, रॉयल ब्लू दिसायला सुंदर पण पाण्याचा थेंब पडला की धुऊन जाते, आणि आमच्याकडे पावसाळा म्हणजे फायलींची परीक्षाच.

काकांच्या कपाटात वरच्या बाजूला दक्षिणेकडची एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, हातानं केलेली पेनंही आहेत. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांची गोष्ट ते रंगवून सांगतात, गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातनं तयार झालेली, १९३० च्या दशकातली. त्या धाटणीची ड्रॉपरने शाई भरायची पेनं जाडजूड असतात, नळीच शाईची टाकी, कार्ट्रिजची भानगड नाही. एक माझ्या हातात दिलं होतं, वजनाला हलकं, हाताला ऊबदार, बोटं सैल सोडली तरी राहतं. पैसे जमले की घेणार आहे. ते मागच्या पिढीतल्या पुरुषांच्या खिशातलं पेन वाटतं खरं, पण माझ्या हाताला फुलपाखरापेक्षा ते जास्त बसलं.

कुणाला हे लेडीज पेन गिफ्ट आलंच असेल तर टाकून देऊ नका. निब चांगली आहे. रिकामं कार्ट्रिज फेकायचं नाही, मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणायची, बाटलीतली शाई ओढून कार्ट्रिज परत भरायचं, मेडिकलवाला जरा संशयाने बघतो तेवढं सहन करायचं. नाहीतर माझ्यासारखं करा, काकांना पन्नास रुपये देऊन त्याची निब आणि जीभ काढून घेतली आणि साध्या पेनाची सुटी निब म्हणून ठेवून दिली, पुढंमागं एक पडून वाकली की उपयोगी येईल. आखूड नळी आणि चार खडे माझ्या भाचीनं मागून नेलेत, बाहुलीच्या घरात खांब म्हणून.

दुकान दुपारी जेवणाच्या वेळी बंद असतं, त्यामुळे अकराच्या आधी किंवा पाचनंतर जा. गाडी लांब लावून चालत या, तिथं पार्किंगची आशा धरू नका. कन्व्हर्टर मागितल्याशिवाय देत नाहीत कधीकधी, साध्या मॉडेलच्या खोक्यात आहे का ते काउंटरवरच उघडून बघा, आणि पोराने गुलाबी डबा पुढं केला तर सरळ म्हणा की काकांना बोलव.